इटालियन गाडी उभ्याने बघू नये

सिस्टीन चॅपेलचं छत मायकेलअँजेलोने पाठीवर झोपून रंगवलं, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं काही नाही. तो उभाच होता बिचारा, मान मोडेस्तोवर. इटली पाठीवर झोपून पाहिली ती मी. अस्ती, कुनेओ, अलेस्सांद्रिया, पाविया या गावांमधली चर्चं कशी आहेत ते मला विचारू नका. गॅरेजच्या फरश्या कशा आहेत ते विचारा.

याला कारण माझा एक हट्ट आणि एक नियम. हट्ट असा, की जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घ्यायची. नियम असा, की ती उभ्याने बघायची नाही. उभ्याने पाहिली की माणूस कामातून गेला. गुडघ्याच्या वर ती कायमच देखणी असते. सगळ्या भानगडी गुडघ्याच्या खाली.

मी मूळचा पुण्याचा, नोकरीपायी इटलीतल्या तोरिनोत, म्हणजे ट्युरिनमध्ये. दिवसभर कंप्युटरवर अशा गाड्यांची वायरिंग काढतो, ज्या अजून जन्माला यायच्या आहेत. त्यामुळे आधीच जन्मून, जगून, जरा वाया गेलेल्या गाडीची ओढ लागली तर त्यात नवल नाही. जुनी इटालियन स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फेरारी येते. त्या फेरारीने २५० जीटीओ नावाच्या अवघ्या ३६ गाड्या केल्या आणि त्यातली एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. आमचा रस्ता त्या गावाला जात नाही. पगारदार माणसाने बघायची ती अल्फा रोमिओ स्पायडर.

ही १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. रूप पिनिनफारिना यांच्याकडचं. खुद्द बात्तिस्ता पिनिनफारिना त्याच वर्षी गेले. कंपनीने नावासाठी स्पर्धा घेतली, ‘दुएत्तो’ हे नाव निवडलं, आणि मग लक्षात आलं की त्या नावाचा चॉकलेटचा खाऊ बाजारात आधीपासून आहे. एवढी देखणी गाडी बारशालाच खाऊपुढे हरली. पहिल्या दुएत्तोची पाठ गोल, निमुळती. नंतर १९६९ च्या सुमारास कंपनीने शेपूट सरळ छाटून टाकली. जाणकार त्यावरून आजही हळहळतात, आणि ते हळहळतात म्हणून छाटलेली गाडी त्यातल्या त्यात स्वस्त मिळते. जाणकारांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

अल्फाच्या बिल्ल्यावर एका बाजूला मिलान शहराचा लाल क्रॉस असतो आणि दुसऱ्या बाजूला विस्कॉन्ती घराण्याचा साप. सापाच्या तोंडात अर्धवट गिळलेला माणूस. मी फोटो दाखवला तेव्हा बायकोने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “हा तोंडातला कोण? गिऱ्हाईक का?”

पुण्याला फोन केला तर बाबांना वेगळीच शंका. “अरे, तोरिनोत राहून अल्फा कसली घेतोस? गाव फियाटचं ना?” आमच्याकडे पद्मिनी होती. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कायमची गेली, त्या दिवशी बाबा जेवताना गप्प होते, असं आई म्हणाली. अल्फाही फियाटनेच १९८६ साली विकत घेतली, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी परवानगी दिली. मग विचारलं, “अ‍ॅव्हरेज किती?” मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

तर शोध. इकडच्या जाहिरातीत प्रत्येक गाडी ‘एकहाती’ असते, ‘कायम गॅरेजमध्ये ठेवलेली’ असते आणि ‘फक्त हौशी माणसालाच’ द्यायची असते. आणि ती तांबडी असते. शर्यतीतला इटलीचा रंग तांबडा, त्यामुळे पांढऱ्या, निळ्या, शेवाळी रंगाच्या कितीतरी गाड्यांवर पुढे कुणीतरी लाल हात फिरवला. आरेझे इथे अल्फाचं स्वतःचं दप्तर आहे. चेसी नंबर कळवला की गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात बाहेर पडली ते कागदावर लिहून देतात. मला आवडलेली एक लालभडक गाडी दप्तरी बदामी निघाली. मालकाला कागद दाखवला तर तो म्हणाला, “दप्तरवाल्यांना काय कळतं? त्यांनी तेव्हा गाडी पाहिली होती का?”

गाडी बघायला गेलं की गाडी शेवटी दाखवतात. आधी कॉफी. मग घर, मग नातवंडांचे फोटो. अस्तीकडे असाल तर बार्बेराची बाटली फुटते आणि मालकीणबाई जेवूनच जा म्हणतात. पोटात आन्योलोत्ती आणि डोक्यात बार्बेरा असताना गॅरेजचं दार सर्रकन वर जातं, उन्हाची तिरीप बॉनेटवर पडते, आणि भल्याभल्यांचा हात चेकबुकाकडे जातो. अशा वेळी मी तडक फरशीवर आडवा होत असे. सद्‌गृहस्थांना वाटायचं, दारू चढली.

खाली बघण्यासारखं पुष्कळ असतं. दारांच्या खालचा पेटीसारखा पत्रा, पायाखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या चाकांमागची कपार. कापडी टपावरचं पाणी वाहून जायच्या वाटा पाल्याने तुंबल्या की ते आतल्या आत मुरतं, आणि गंज बाहेर दिसतो तेव्हा आतलं सगळं त्याने कधीच उरकलेलं असतं. मग कुणीतरी पुट्टी भरतो, वरून डांबरासारखा काळा लेप फासतो, नि ‘संपूर्ण जीर्णोद्धार’ अशी जाहिरात देतो. पुट्टी ओळखायला लोहचुंबक लागतो. आमच्या घरी चुंबक एकच होता, फ्रिजवरचा, दगडूशेठच्या गणपतीचा. तोच खिशात घालून मी हिंडलो. कोकणात आमच्या गावी देवाला कौल लावतात. उजवा मिळाला तर काम करायचं, डावा मिळाला तर मुकाट घरी जायचं. माझा कौल त्याहून सोपा. बाप्पा चिकटले तर पत्रा, निसटले तर पुट्टी. खाली दुसरा हात धरून मी एकेका दाराखालून बाप्पांना हळूहळू सरकवत न्यायचो. बहुतेक ठिकाणी ते मागच्या चाकापर्यंत पोचायच्या आत माझ्या हातात येत.

पावियाच्या एका निवृत्त मास्तरांसमोर ते असे घरंगळले तेव्हा मास्तर जराही बिचकले नाहीत. “नोर्माले,” ते म्हणाले. “पुट्टी नाही ती, रंग जाड आहे.” मी बोटाने जरा दाबलं. रंग खरंच जाड होता. पेराएवढं बोट आत गेलं. मास्तरांनी भोकाकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, आणि भोक मीच पाडल्यासारखा चेहरा केला. “नोर्माले” मात्र म्हणाले. तो शब्द मी पुढे तेल गळताना, इंडिकेटर उलट्या बाजूचा लागताना आणि एकदा दाराची कडी हातात आल्यावरही ऐकला.

अखेर अशी एक सापडली, की बाप्पा पुढून मागेपर्यंत टिच्चून चिकटले. १९७४ ची २००० वेलोचे, शेपूट छाटलेली, गडद निळी, दप्तरीही निळीच. मालक म्हणाला, “हिला आजवर कुणी हात लावलेला नाही.” बायकोही म्हणाली, रंग छान आहे. घेतली.

पहिल्याच थंड सकाळी दुसऱ्या गिअरने करकरून नकार दिला. या गाड्यांच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी कडी, मुळातच नाजूक. गिअरबॉक्समधलं तेल गरम होईस्तोवर त्याला गोंजारायचं, घाई करायची नाही, जमल्यास क्लच दोनदा दाबायचा. गिअरचा दांडा जमिनीतून न येता डॅशबोर्डाखालून तिरपा येतो. स्टिअरिंग लांब, पेडल जवळ. हात माकडाएवढे आणि पाय बदकाएवढे असतील तर बसायला उत्तम. रात्री दिवे गेले की फ्यूजच्या डब्यात हात घालायचा. बुलेटच्या आकाराचे ते फ्यूज टोकाला गंजतात. बोटाने जागच्या जागी गर्रकन फिरवले की दिवे परत लागतात. दिवसभर मी नव्या गाड्यांसाठी जी वायरिंग काढतो, त्यात बोटाची तरतूद नाही.

गाडी मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. इटलीत इंजिनिअरला नावापुढे पदवी लावून हाक मारतात, डॉक्टरला मारावी तशी. म्हातारा मला “इंजेन्येरे” म्हणायचा, पण असा की ऐकणाऱ्याला वाटावं, मी नापास झालोय. दोन वेबर कार्ब्युरेटर, त्यांचे चार घसे. चारही घशांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी त्याने कानात रबरी नळीचं एक टोक घातलं, दुसरं एकेका घशाशी धरलं आणि डोळे मिटले. “तिसरा खोटं बोलतोय,” असं म्हणून त्याने स्क्रू पाव आट्याने फिरवला. नळी माझ्या कानाला लावली. चारही घशांतून मला सारखाच स्स्स ऐकू आला. तेवढ्यावरून त्याने माझी योग्यता ठरवली.

मग त्याने बाप्पांनी पास केलेल्या दाराखालच्या पत्र्यावर नखाने टकटक केलं. आवाज आला नाही. भरीव. पेटी पोकळ हवी. त्याने काळा लेप खरवडला, तर खाली रिव्हेटची रांग. म्हणजे पुट्टी नव्हतीच. गंजक्या भोकावर कुणा हुशार माणसाने पातळ पत्र्याचं ठिगळ ठोकलं होतं. बाप्पा पत्र्याला इमानाने चिकटले, त्यांचा दोष नाही. छिन्नीने रिव्हेट उडवले, ठिगळ पडलं, आणि आतून कागदाचे बोळे निघाले. गुलाबी कागद. इटलीत गुलाबी कागद म्हणजे ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’. ज्या गाडीला कुणी हात लावला नव्हता, तिच्या पोटात जुलै १९८२ चा अंक भरलेला होता.

म्हाताऱ्याने छिन्नी खाली ठेवली. चष्मा पुसला. बोळा बॉनेटवर ठेवून तळहाताने सपाट केला. फुटबॉल विश्वचषकाचा माद्रिदमधला अंतिम सामना, इटली ३, पश्चिम जर्मनी १. रॉस्सी, तार्देल्ली, अल्तोबेल्ली. त्याने शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली, टायरवाल्याने कॉफीवाल्याला, आणि माझ्या गाडीचा उजवा अर्धा भाग उघडा टाकून ती मंडळी गोल केल्यावर तार्देल्ली कसा ओरडत पळाला, राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी खुर्चीतून कसे उठले, हे एकमेकांना करून दाखवू लागली. मी भीत भीत विचारलं, डाव्या बाजूचं काय? “डावीकडे उपांत्य सामना असेल,” म्हातारा आशेने म्हणाला आणि त्याने लगेच छिन्नी उचलली. त्याच्या हाताला इतका वेग मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. डावीकडे सायकल शर्यत निघाली. तो इतका हिरमुसला, की काम पुढच्या आठवड्यावर गेलं. पुढच्या आठवड्याचा ऑगस्ट झाला, आणि ऑगस्टात इटलीत मेकॅनिक समुद्रावर असतो.

पत्र्याला किती खर्च आला ते मी लिहीत नाही, बायको वाचते.

पुढच्या जूनमध्ये आई-बाबा आले. बाबांनी गाडीला एक चक्कर मारली, इंजिन चालू करायला लावलं आणि पद्मिनीच्या अनुभवावर निकाल दिला, “टॅपेट वाजतायत.” म्हाताऱ्याला भाषांतर करून सांगितलं. त्याने बाबांकडे पाहिलं, टोपी काढली आणि मला म्हणाला, “हे खरे इंजेन्येरे.” बाबा आयुष्यभर एलआयसीत होते.

मग दोघांनी ठरवलं, गाडी सुपेर्गाच्या टेकडीवर नेऊन बघू. दोनच सीट, त्यामुळे ते दोघे अल्फात आणि मी मागून बसने. बस एका वळणावर हळू झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला निळी शेपूट दिसली, बॉनेट वर. उतरलो. ऊन रणरणत होतं. पेट्रोलची पाइपातच वाफ झालेली आणि पंप नुसता वारा ओढत होता. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण बाबा पंपाकडे बोट दाखवून काहीतरी पिळल्याची खूण करत होते आणि म्हातारा “एको! एको!” म्हणत मान डोलावत होता. मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात प्रत्येक पद्मिनीवाल्याने जे केलंय तेच: पंपावर ओलं फडकं.

“पाणी आहे,” बाबा मला म्हणाले. “फडकं नाही.”

म्हाताऱ्याने माझ्या नव्या लिननच्या शर्टाकडे पाहिलं. मग बाबांनीही पाहिलं. गाडी दहा मिनिटांत चालू झाली. ते दोघे टेकडीवर निघून गेले, आणि मी बनियनवर बसची वाट पाहत उभा राहिलो. पुढची बस आली. ड्रायव्हरने मला नीट न्याहाळलं, आणि दार न उघडताच तो पुढे गेला.