दोन न्यूट्रॉन गेले, पण एका उडीत नव्हे

अणूंच्या जड केंद्रकांच्या धडकेबद्दल एक समजूत बरीच फिरते: एका केंद्रकातून दुसऱ्यात दोन न्यूट्रॉन गेले, म्हणजे ते चिकटून, गोळीसारखे एका उडीत गेले, आणि अपेक्षेच्या जितके पट जास्त जातील, तितकी त्यांची जोडी घट्ट. यातलं जोडी असणं तेवढं खरं आहे.

‘चिकटून’ आधी काढून टाकू. अतिसंवाहकातल्या (रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थातल्या) इलेक्ट्रॉन-जोड्यांचा सिद्धांत १९५७ चा. पुढच्याच वर्षी ओगे बोर, मॉटेलसन आणि पाइन्स या भौतिकशास्त्रज्ञांनी तो विचार केंद्रकाला लावला. ॲल्युमिनियममध्ये अशा जोडीचा पसारा हजार नॅनोमीटरहून मोठा असतो. कथिल-११६ च्या केंद्रकाची (आकडा प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या एकूण संख्येचा) त्रिज्या जेमतेम ६ फेम्टोमीटर (नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर), आणि न्यूट्रॉन-जोडीची संगत त्याहून लांब पोचते. पृष्ठभागाजवळ दोघं थोडे जवळ येतात हे मान्य, पण तेवढ्याने गोळी होत नाही. लेझीम खेळणारे चार हात अंतरावर असले तरी ताल एकच असतो, तसं हे आहे.

‘एका उडीत’ हा खरा घोळ. गणितात मोठा वाटा क्रमाने जाण्याचा निघतो: आधी एक, मग दुसरा. हे कळलं की काहीजण उलट टोकाला जातात: मग जोडी कसली? तेही चूकच. पहिला पलीकडे पोचला आणि दुसरा अलीकडे आहे, तेव्हाही त्यांची संगत दोन्ही केंद्रकांवर पसरलेली असते. शिवाय जोडी एकाच कक्षेत बसत नाही. अनेक कक्षांमध्ये तिचे वाटे असतात, प्रत्येक कक्षेतून जायचा एक मार्ग असतो आणि या मार्गांचे आयाम (ज्यांचा वर्ग केला की संभाव्यता मिळते ते आकडे) एकमेकांना खोडत नाहीत, बेरजेत येतात. बेरीज आधी, वर्ग नंतर. म्हणून सारखे चार मार्ग असतील तर एका मार्गाच्या तुलनेत संभाव्यता चौपट नव्हे, सोळापट होते. जोडीचं बळ इथे दिसतं.

राहिली ती ‘पट’. एक न्यूट्रॉन जाण्याची संभाव्यता १/१० असेल तर स्वतंत्रपणे दोन जाण्याची १/१००. मोजणी याहून जास्त आली की त्या पटीलाच जोडीचा घट्टपणा म्हणतात. इटलीत लेन्यारो इथल्या प्रिझ्मा स्पेक्ट्रोमीटरवर (धडकेतून निघालेली केंद्रकं ओळखणाऱ्या यंत्रावर) कॅल्शियम-४० आणि झिर्कोनियम-९६ यांची ही पट सुमारे तीन आली. पण तिथे दोन न्यूट्रॉन मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेतून मूळ अवस्थेत गेले तर सुमारे ५.५ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक) ऊर्जा उरते, आणि हस्तांतरणाला ही उरलेली ऊर्जा शून्याजवळ असणं सोयीचं. म्हणून दोन न्यूट्रॉन मिळून झालेल्या कॅल्शियम-४२ च्या ६ एमईव्हीजवळच्या उत्तेजित अवस्था मध्ये येतात. त्या तिपटीत हेही मिसळलेलं आहे.

निकेल-६० आणि कथिल-११६ मध्ये उरणाऱ्या ऊर्जेचा हाच आकडा १.३ एमईव्ही. तिथे हस्तांतरण मुख्यतः मूळ अवस्थांमध्येच होतं, हे पुढे गॅमा किरणांनीही तपासलं गेलं. २०१४ मध्ये छापलेल्या या कामात जोडी धरून केलेलं गणित एका आणि दोन न्यूट्रॉनांच्या मोजणीशी थेट जुळलं, कुठलीही पट न लावता.

आणि निकेल-कथिलाची ती खरी धडकही नव्हती. ऊर्जा कूलॉम बांधाच्या (दोन्ही केंद्रकांच्या धन प्रभारांमुळे होणाऱ्या अडथळ्याच्या) बरीच खाली होती. दोन्ही त्रिज्यांची बेरीज साडेदहा फेम्टोमीटरच्या आसपास, तर केंद्रकं १३-१४ फेम्टोमीटर अंतरावरूनच मागे फिरत होती. तरी अधूनमधून दोन न्यूट्रॉन पलीकडे पोचत होते.