'चिरडलेला पाय कापलेलाच बरा' : एका संदेशाचा प्रतिवाद

'अपघातात पाय चिरडला तर तो लगेच कापून घ्यावा. वाचवलेला पाय जन्मभर निकामी राहतो, नकली पायावर मात्र माणूस पळू लागतो, आणि खर्चही वाचतो,' असा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे.

पहिला मुद्दा निकामीपणाचा. अमेरिकेतील आठ ट्रॉमा केंद्रांतील (गंभीर अपघाती जखमांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांतील), पायाला गंभीर इजा झालेल्या 569 रुग्णांचा 'लीप' अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर पाय राखलेले आणि कापलेले यांच्या रोजच्या हालचालींत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दोन्हीकडचे जेमतेम निम्मेच कामावर परतले होते. पाय राखलेल्यांना पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाण अधिक होते, हेही मान्य केले पाहिजे.

तळव्याला स्पर्श कळत नसेल तर पाय गेलाच, ही समजूत तर डॉक्टरांमध्येही होती. याच अभ्यासात, सुरुवातीला तळवा बधिर असूनही ज्यांचा पाय राखला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची संवेदना दोन वर्षांत पूर्ववत झाली.

खर्चाचा हिशेब संदेशात फक्त पहिल्या बिलापुरता आहे. नकली पाय झिजतो, सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण सैल होते, दर काही वर्षांनी तो बदलावा लागतो. त्यामुळे लीपच्या रुग्णांवरून मांडलेल्या अमेरिकी हिशेबात आयुष्यभराचा खर्च पाय कापल्यास सुमारे 5,09,000 डॉलर, तर राखल्यास सुमारे 1,63,000 डॉलर निघाला.

राहिला 'लगेच' हा शब्द. रक्तपुरवठा तुटून सहाहून अधिक तास गेले असतील किंवा रुग्णाचा जीवच धोक्यात असेल, तर पाय कापणे योग्य ठरू शकते. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या गुणांकनात जखम जितकी गंभीर तितके गुण जास्त; त्यात 14 किंवा कमी गुण असल्यास पाय राखावा, 17 किंवा अधिक असल्यास कापावा, असे सुचवले आहे. 15 आणि 16 ला निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने विचार करून घ्यायचा असतो. अशा वेळी पाय राखण्यातले पुढचे कष्ट रुग्णाला आधी सांगावे लागतात : मेलेले मांस काढणे, पाठीचा किंवा मांडीचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट काढलेला मांस-कातडीचा तुकडा, आणून त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडणे, आणि हाडाचा तुकडा गेला असेल तर इलिझारोव्हच्या रिंगा, म्हणजे पायाभोवती बसवून सळयांनी हाडाला जोडलेली कडी; ती हाड हळूहळू सरकवून पोकळीत नवे हाड तयार करवतात. त्या रिंगांचा नट दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर फिरवायचा. सहा सेंटिमीटरची पोकळी भरायला असे साठ दिवस, आणि नवे हाड टणक व्हायला त्यापुढे कित्येक महिने. तेवढा काळ मजुरी बुडणार असेल, सळयांची भोके रोज पुसायला घरी कोणी नसेल, तर 15 गुणांचा रुग्णही विचारपूर्वक पाय कापून घेतो.