आधी वर्ग, मग वय

आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, चौदाऐवजी अठरा वर्षांपर्यंत न्या, ही मागणी महाराष्ट्रात अधूनमधून डोकं वर काढते. मागणी रास्तच आहे. पण ती करणाऱ्यांनी ब्रिटनच्या एकेकाळच्या शिक्षणमंत्री एलन विल्किन्सन यांची जेमतेम दीड वर्षाची कारकीर्द जरूर अभ्यासावी.

मँचेस्टरच्या कामगार घरातल्या, आधी कम्युनिस्ट, मग मजूर पक्षाच्या खासदार. 1936 मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरो गावचे दोनशे बेकार कामगार लंडनला पायी निघाले, त्यात त्या पुढे होत्या. 1932 मध्ये कृष्ण मेनन यांच्याबरोबर इंडिया लीग या, भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये झटणाऱ्या संस्थेच्या शिष्टमंडळातून भारतातही येऊन गेल्या होत्या.

1945 मध्ये त्या मंत्री झाल्या. शाळा सोडण्याचं वय 14 वरून 15 करायचं, हे 1944 च्या कायद्यात आलेलंच होतं. अडचण अशी की शाळांत एक अख्खी इयत्ता वाढणार, अन् बॉम्बहल्ल्यांत इमारती पडलेल्या. सिमेंट, लाकूड, गवंडी सगळे घरबांधणीत अडकलेले. मग शाळांच्या आवारातच तयार काँक्रीटच्या भागांचे बैठे वर्ग उभे राहिले. सैन्यातून सुटलेल्यांना सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण देऊन पुढच्या काही वर्षांत जवळपास 35,000 शिक्षक मिळवले गेले. जानेवारी 1947 मध्ये खुद्द मंत्रिमंडळातूनच तारीख पुढे ढकलण्याचा रेटा आला, पण बाई हटल्या नाहीत. फेब्रुवारीत त्या वारल्या आणि 1 एप्रिलला नियम लागू झाला. ते 'तात्पुरते' वर्ग मात्र पुढे कित्येक दशकं वापरात राहिले. सरकारी तात्पुरतं सगळीकडे सारखंच!

खरी खोट वेगळीच होती. अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांची वाटणी व्हायची: थोडी पुढच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या ग्रामर स्कूलला, बहुतेक साध्या सेकंडरी मॉडर्न शाळांना. ती पद्धत या डाव्या बाईंनीही मोडली नाही. शालान्त परीक्षा सोळाव्या वर्षी आणि शाळा सुटणार पंधराव्या वर्षी, म्हणजे वर्ष वाढलं तरी बहुतेकांच्या हाती प्रमाणपत्र नाहीच. किमान वय 16 व्हायला 1972 उजाडलं.

आपलं आरटीई आठवीला थांबतं, दहावीच्या दोन वर्षं आधी. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, असा आपल्याकडे निकष आहे. नववी-दहावीसाठी आरटीईत असा निकषच नाही. म्हणून अठराचा आकडा मागण्याआधी नववी-दहावीचं अंतर कायद्यात लिहून घ्यावं, आणि त्या वर्गांची शिक्षकपदं संचमान्यतेत (पटानुसार पदं ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत), मानधनावरच्या शिक्षणसेवकांवर न भागवता, आधी मंजूर करून घ्यावीत.