श्रद्धाळू निर्धास्त, नास्तिक भेदरलेला? एका फिरत्या मजकुराला उत्तर

मरणाविषयीचा एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच: देवावर श्रद्धा असेल त्याला मरणाची भीती वाटत नाही, नास्तिक आतून भेदरलेला असतो, शेवटच्या घटकेला सगळेच देवाला हाक मारतात, आणि म्हणून अंथरुणाला खिळलेला माणूस तळमळत असेल तर त्याच्या कानाशी देवाचं नाव घ्या, तळमळ थांबेल. चारही दावे ओळीने घेऊ. चौथ्यापायी माणसं हकनाक यातना सोसतात, त्यामुळे त्याला जागा जास्त दिली आहे.

‘श्रद्धा असली की भीती नाही.’

मानसशास्त्रज्ञ जोनाथन जाँग आणि सहकाऱ्यांनी १९६१ ते २०१४ या काळातले सुमारे शंभर अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले. सगळे मिळून जवळपास २६ हजार माणसं. निम्म्याहून जास्त अभ्यासांत श्रद्धा आणि मृत्युभय यांचा काहीच संबंध सापडला नाही. सुमारे ३० टक्के अभ्यासांत श्रद्धाळू कमी घाबरणारे निघाले, १८ टक्क्यांत उलट जास्त घाबरणारे. म्हणजे दावा अगदीच हवेतला नाही, पण नियम म्हणावा असाही नाही. शिवाय यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत.

मोजक्या अभ्यासांत गाढ श्रद्धेपासून ठाम अश्रद्धेपर्यंत भीतीचा आलेख काढता आला. त्यांतल्या बहुतेकांत तो मधे फुगलेला दिसतो. ठाम श्रद्धाळू आणि ठाम नास्तिक दोघेही तुलनेने निवांत. धास्ती जास्त ती ‘असेलही, नसेलही’ म्हणणाऱ्यांना. ठामपणाने भीती घटते, की मुळात कमी घाबरणारेच ठाम होतात, हे अशा एकवेळच्या पाहणीतून कळत नाही.

निष्कर्ष इतके विस्कटलेले का, याची गोम मोजण्याच्या पट्टीत आहे. डोनाल्ड टेम्प्लर यांची १९७० ची प्रश्नावली अजूनही सर्रास वापरतात. पंधरा विधानं, प्रत्येकाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं, शेवटी एकच बेरीज. त्या विधानांत मरणाची भीती आहे, तशीच शस्त्रक्रियेची धास्ती, वेदनेचं भय आणि प्रेत पाहून वाटणारी शिसारीही आहे. आता परलोकावर गाढ विश्वास असलेला माणूस शस्त्रक्रियेला घाबरला तर बिघडलं कुठे? पण बेरजेत तो ‘मरणाला घाबरणारा’ ठरतो. जॉन होल्टर यांनी १९७९ मध्ये भीतीचे आठ कप्पे केले: मरताना होणारे हाल, प्रेतांची भीती, देह नष्ट होणं, मागे राहणाऱ्यांची काळजी, पुढच्या अज्ञाताचं भय, जिवंत असताना मृत ठरवलं जाण्याची भीती, मरणोत्तर देहाचं काय होईल ही चिंता आणि अकाली मरण. हे बरंच बरं. पण अज्ञाताच्या कप्प्यात ‘परमेश्वर नसेल की काय’ अशी भीती वाटते का, असंही विचारलेलं आहे. या कप्प्यात श्रद्धाळूंचे गुण कमी आले तर त्यातून श्रद्धेचा परिणाम कळतो की फक्त श्रद्धा असल्याचं कळतं? भीती घटल्याचा दावा कोणी केला, तर कोणत्या कप्प्यातली घटली हे आधी विचारावं.

श्रद्धा किती यापेक्षा ती कोणत्या प्रकारची, याने जास्त फरक पडतो. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. ‘देवाने मला टाकलं’, ‘देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही’ अशा विचारांशी झगडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक आढळला, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. ही माणसं अश्रद्ध नव्हती. त्यांची श्रद्धाच त्यांना टोचत होती.

शिकवण आणि भीती यांची गाठही वाटते तशी सरळ नाही. शॉन निकोल्स आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात तिबेटी बौद्ध भिक्षू होते. ‘मी’ असा कायम टिकणारा कोणी नाही, हा त्यांचा रोजचा अभ्यास. अपेक्षा अशी, की ‘मी’ संपण्याची भीती त्यांना सर्वांत कमी असेल. निघाली सर्वांत जास्त, अगदी तुलनेसाठी घेतलेल्या हिंदू आणि अमेरिकन लोकांपेक्षाही.

‘नास्तिक आतून भेदरलेला असतो.’

वरचा आलेख पाहता हा मुद्दा तिथेच संपतो. तरी एक जोडी बघण्यासारखी आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम पोटाच्या दुखण्याने खंगत चालले होते. जुलै १७७६ मध्ये लेखक जेम्स बॉसवेल मुद्दाम त्यांना भेटायला गेले; आता तरी परलोकाबद्दल मत बदललं असेल, असा कयास होता. ह्यूम प्रसन्न होते आणि मेल्यावर काही उरतं ही कल्पना त्यांनी साफ धुडकावली. महिन्या-दीड महिन्यात ते गेले. हादरले ते बॉसवेल. दुसरीकडे बॉसवेल यांना गुरुस्थानी असलेले इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन कट्टर ख्रिस्ती होते, आणि आयुष्यभर मरणाला विलक्षण भ्यायले. भीती नरकाची होती. नरक मानणाराच नरकाला भितो, इतकं साधं आहे हे. ह्यूम शांत होते यावर जॉन्सन यांचा विश्वासही बसेना.

दोन माणसांवरून सिद्धांत होत नाही, हे खरंच. पण एखाद्या भेदरलेल्या नास्तिकाचा किस्सा पुरावा म्हणून चालत असेल, तर हाही चालावा.

‘शेवटी सगळेच देवाला हाक मारतात.’

या दाव्याला पुष्टी म्हणून चार्ल्स डार्विन यांची गोष्ट सांगतात: मृत्युशय्येवर त्यांनी उत्क्रांतीचा विचार मागे घेतला आणि ख्रिस्ताला शरण गेले. डार्विन गेले १८८२ मध्ये. लेडी होप नावाच्या प्रचारिकेची ही गोष्ट अमेरिकेत छापून आली १९१५ मध्ये. डार्विन यांच्या अखेरीस जवळ असलेल्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ मध्ये ती जाहीरपणे खोटी ठरवली. ‘मला मरणाची जराही भीती वाटत नाही’ हे त्यांचे शेवटच्या दिवसांतले उद्गार घरच्यांनी नोंदवले आहेत. अशा गोष्टी ओळखायची सोपी खूण म्हणजे तारखा: मृत्यू कधी, गोष्ट प्रथम कधी छापली, सांगणारा खोलीत होता का.

प्रयोगांतून मात्र एक गमतीची गोष्ट दिसते, आणि ती लपवायचं कारण नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या प्रयोगांत (२०१२) काहींना स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला सांगितलं. उघड विचारल्यावर अश्रद्ध आपल्या अश्रद्धेवर आणखी ठाम झाले, श्रद्धाळू श्रद्धेवर. पण देव, परलोक असे शब्द ‘खरे’ की ‘काल्पनिक’ हे बटण दाबून झटपट ठरवायला सांगितलं, तेव्हा ‘काल्पनिक’ म्हणताना अश्रद्धांचा हात जरासा अडखळला. हा फरक सेकंदाच्या अंशाचा. त्यावरून ‘शेवटी सगळे वळतात’ असं म्हणणं म्हणजे फारच लांबची उडी झाली.

‘तळमळ थांबवायला देवाचं नाव पुरे.’

शेवटच्या दिवसांत बहुतेकांना कमी-अधिक भ्रम होतो. चादर खेचणं, कपडे ओढणं, उठायची धडपड, न दिसणाऱ्यांशी बोलणं ही त्याची लक्षणं. घरचे यात पापाची टोचणी किंवा श्रद्धेची उणीव वाचतात. कारण बहुधा शरीरात असतं, आणि त्यातली काही दहा मिनिटांत दूर होतात.

आधी ओटीपोट चाचपावं. बेंबीखाली घट्ट, फुगीर लागतंय आणि सात-आठ तासांत लघवी झालेली नाही, तर मूत्राशय तुंबलं असण्याची शक्यता मोठी. बोलता न येणारा माणूस हे सांगू शकत नाही, फक्त तडफडतो. नर्सने नळी घातली की तो बघता बघता शांत होतो. मग शेवटचं शौच कधी झालं ते पाहावं. मॉर्फिनवर असलेल्यांना बद्धकोष्ठ ठरलेलाच. कपाळावर आठ्या, कूस बदलताना कण्हणं असेल तर वेदना. ताप, धाप, कर्करोगात रक्तात वाढलेलं कॅल्शियम, मूत्रपिंड मंदावल्याने साचलेलं औषध, अचानक बंद झालेली झोपेची गोळी, दारू किंवा तंबाखू, ही बाकीची नेहमीची कारणं. ती डॉक्टरने शोधायची असतात, पण लघवी, शौच आणि बदललेली औषधं यांची नोंद घरच्यांनी हातात ठेवली तर शोध लवकर लागतो. धाप लागत असेल तर डोक्याकडची बाजू उंच करून छोटा पंखा गालावर येईल असा लावावा. चष्मा आणि श्रवणयंत्र काढून ठेवू नये. त्यांच्याविना भ्रम वाढतो. खोलीत एकच ओळखीचा आवाज असावा. दहा जणांनी एकदम मोठ्याने नामजप सुरू केला तर भ्रमातला माणूस आणखी बिथरतो. मेलेले आप्त दिसत असतील आणि माणूस शांत असेल, तर काहीच करू नये.

भीती खरोखरच असते तेव्हा ती कशाची हे विचारल्याशिवाय कळत नाही. उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातल्या यातना कमी करणाऱ्या सेवेत, डॉक्टर क्रिस्टीना पुखाल्स्की यांची चार प्रश्नांची पद्धत वापरतात: तुम्हाला बळ कशातून मिळतं, आजारात त्याचं महत्त्व किती, कोणत्या माणसांचा आधार आहे, आणि त्याबाबत आम्ही काय करावं. हे प्रश्न माणूस शुद्धीवर आणि वेदनामुक्त असताना विचारायचे, शेवटच्या रात्री नव्हे. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो उत्तर आधीच सुचवणाऱ्या प्रश्नाने: ‘देवाचं नाव घ्यावंसं वाटतं ना?’ याला लेकराचं मन राखायला म्हणूनही ‘हो’ मिळतं.

उत्तर ‘केल्याचं फळ भोगावं लागेल’ असं आलं तर ‘छे, देव दयाळू आहे’ म्हणून विषय मिटवू नये. त्याने समजूत पटत नाही, फक्त बोलणं बंद होतं. नेमकं काय केलं, कोणाची माफी मागायची आहे ते ऐकावं, आणि त्यांच्याच पंथातला त्यांना मान्य असलेला माणूस बोलवावा. उत्तर ‘गुदमरून मरेन’ असं आलं तर धाप वाढल्यावर कोणतं औषध किती द्यायचं हे डॉक्टरकडून आजच लिहून घ्यावं आणि तो कागद त्यांना दाखवावा.