निळ्या दिव्याचा उजेड

डासांचा माझ्यावर फार जीव. खोली एकच, पण ही सकाळी ताजीतवानी उठते आणि मी कोपर खाजवत. "मच्छरदाणी लावू या," असं ही कधीपासून म्हणत होती. पण मी विज्ञानाचा माणूस. कीटक मारायचं ते निळ्या दिव्याचं यंत्र आणलं आणि थेट उशाशी ठेवलं.

पहिल्याच रात्री 'चट्ट!' असा आवाज झाला आणि मला आनंदाचं भरतं आलं. मग आणखी एक 'चट्ट', मग लांबलचक 'चर्रर्र'. दर आवाजाला मी अंधारात "गेला!" म्हणत होतो.

"अहो, मोजा, पण मनात," पलीकडून आवाज आला.

सकाळी खालचा ट्रे ओढला. दोन पतंग, भुंगेऱ्याचं अर्धं अंग, चिमूटभर चिलटं. भिंग घेऊन बसलो तेव्हा कुठे एक डास हाती लागला. त्याच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार, म्हणजे नर. नर चावतच नाही! फुलांच्या रसावर जगणारा बिचारा फुकट गेला.

मग मी वाचायला घेतलं. ते आधी करायचं असतं, हे मला मान्य आहे. यंत्राच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून निघणारे अतिनील किरण साधारण २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे. काचेला आतून दिलेला लेप ते गिळतो आणि ३६५च्या आसपासचे करून बाहेर सोडतो. माणसाचा डोळा ४००च्या अलीकडे हात टेकतो, किड्यांचे डोळे तिथेच तल्लख. म्हणजे मी ज्या निळाईवर भाळलो, ती नुसती सांडलवंड. खरा माल मला दिसतच नव्हता. वर्षभराने लेप थकतो, तरी नळी निळी दिसतेच. दुकान बंद, पाटी मात्र उजळलेली!

बरं, किडे उजेडावर भाळतात म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, ही त्यांची सवय. आकाश वर असतं तोवर ती चालते. दिवा शेजारी आला की वर-खालीच उमगत नाही, आणि ते भोवती गरगरत राहतात. २०२४ साली संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. पुढचं काम जाळीच्या तारांमधल्या विजेचं.

सगळ्यात झोंबला तो १९९६ सालचा अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचा अभ्यास. घराबाहेर लावलेल्या अशा यंत्रांत मेलेले १३,७८९ किडे त्यांनी मोजले. त्यात चावणारे किती? ३१! माझं पहिल्या रात्रीचं यश एकदम शास्त्रशुद्ध वाटायला लागलं.

कारण डासाची मादी दिव्यामागे फारशी जात नाही. ती येते उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर, अंगाच्या वासावर, उबेवर. म्हणजे खोलीत सापळे दोन होते, आणि त्यातला मी जास्त चालत होतो, तोही विजेशिवाय.

त्या रात्री मी श्वास रोखून पडलो. दहा सेकंद. वीस. कानाशी शांतता. तीस. छाती फुटायला आली, पण गुणगुण नाही! पंचेचाळीस सेकंदांना ही दचकून उठली.

"अहो! आहात ना?"

"आहे," म्हणायला मी तोंड उघडलं, भस्सकन सगळी हवा बाहेर पडली, आणि उजव्या कानाशी गुणगुण सुरू झाली.