सरकारी की खासगी? होतकरू वक्त्यांसाठी काही सूचना

गेल्या आठवड्यात आमच्या भागातील एका व्याख्यानमालेत ‘सरकारने धंदा करू नये’ हे व्याख्यान निमूटपणे ऐकावे लागले. तिथे कानी पडलेली विद्या इतरांच्याही उपयोगी पडावी, म्हणून हा प्रपंच.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप दोन वाक्यांत उरकावा: ब्रिटनने खाणी आणि रेल्वे सरकारी केल्या म्हणून तो बुडाला, पश्चिम जर्मनीने सारे खासगी ठेवले म्हणून तो तरला. सनावळी टाळावी.

खासगी कर्तबगारीचा दाखला म्हणून फोक्सवॅगनचे नाव ठासून घ्यावे. मात्र तिचा कारखाना नाझी राजवटीने उभारला, युद्धानंतर तो ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी चालू केला, 1949 मध्ये तो पश्चिम जर्मनीच्या सरकारकडे सोपवला गेला, 1955 मध्ये दहा लाखावी बीटल मोटार बाहेर पडली तेव्हाही त्याला खासगी मालक नव्हता आणि लोअर सॅक्सनी राज्याकडे आजही कंपनीतील 20 टक्के मताधिकार आहेत, हे चुकूनही बोलू नये. श्रोत्यांच्या श्रद्धेला उगाच धक्का बसतो.

1971 मध्ये ब्रिटनची रोल्स-रॉइस सरकारी ताब्यात घेणारे सरकार खासगी उद्योगाची बाजू घेणाऱ्या हुजूर पक्षाचे होते, हे विसरावे.

टाळ्या ओसरू लागल्या की एअर इंडियाचे नाव काढावे.

आपण समाजवादी असाल, तर 1964 ची जपानी बुलेट ट्रेन सरकारी रेल्वेने धावती केली हे सांगून तिथेच थांबावे. 1987 मध्ये त्याच रेल्वेचे तुकडे करून ती खासगीकरणाच्या वाटेला लावली, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे 37 लाख कोटी येनांचे कर्ज होते, ही गोष्ट पाण्याच्या घोटाबरोबर गिळावी.

पण अहो, थोडे तरी वाचा! 1 जानेवारी 1947 रोजी ब्रिटनच्या कोळसा खाणींवर ‘जनतेच्या वतीने’ कारभार चालवण्याच्या पाट्या लागल्या, त्याआधी त्या शेकडो खासगी कंपन्यांकडेच होत्या, आणि यंत्रांत पुरेसा पैसा न घालता मजुरी कापत राहिलेले मालक तुमच्या गोष्टीत येत कसे नाहीत? पुढे सरकारने कोळशाचा भाव दाबून धरला. त्याचा फायदा तो कोळसा जाळणाऱ्या खासगी कारखान्यांनाही झाला आणि ताळेबंद मात्र खाणींचा बिघडला. भांडवल कोणी घातले, भाव कोणी ठरवला, तोटा कोणाच्या माथी मारला, यांतला एकही प्रश्न न विचारता तुम्ही निकाल देऊन मोकळे होता आणि वर मानधनाचे पाकीट घेता. अभ्यास करायचा नसेल तर व्यासपीठावर चढू नका. आणि आयोजकहो, तुम्हीही हार घालण्यापूर्वी वक्त्याला काही येते का, एवढे तरी पाहा.