परदेशातून: हवेत मारलेली गोळी हवेत राहत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. कुणीतरी वरातीचा व्हिडिओ टाकला, नवरदेवाचा मामा लायसन्सवाली बंदूक काढून हवेत बार काढतोय, आणि खाली लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते हे आपलं नाहीच, उत्तरेकडचं खूळ आहे. दुसरी म्हणते हवेतच मारली ना, लागली का कुणाला? आणि मी काही लिहिलं की उत्तर ठरलेलं, तुमच्या अमेरिकेत काय कमी गोळ्या चालतात, आधी तिकडं बघा.

बघतोच की. मी राहतो त्या ॲरिझोनात बंदूक घेणं एकदम सोपं, लोकांचा जीव आहे बंदुकीवर. पण जून १९९९ मध्ये फिनिक्समध्ये १४ वर्षांची मुलगी घरामागच्या अंगणात फोनवर बोलत उभी होती, कुठूनतरी आलेली गोळी डोक्यात लागली आणि गेली ती. आईवडील मागे लागले आणि २००० साली इथे कायदा आला, शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणं हा गंभीर गुन्हा. अशा राज्याला हे करावं लागलं यातच काय ते आलं.

सरळ वर मारलेली रायफलची गोळी खाली येते तेव्हा वेग सेकंदाला साधारण ९० मीटर, कातडी फाडायला ६० च्या आसपास पुरतो. आणि सरळ वर मारतो कोण, नाचताना हात तिरका होतोच, मग ती गोळी बराचसा वेग राखून किलोमीटरभर लांब जाऊन पडते, ज्याला त्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा नाही त्याच्या डोक्यात. लॉस एंजेलिसच्या एका हॉस्पिटलात १९८५ ते १९९२ मध्ये अशा पडत्या गोळ्यांचे ११८ पेशंट आले, त्यातले ३८ दगावले. म्हणून "लागली का कुणाला" हे व्हिडिओ बघून कळतच नाही.

आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात हे आलंय, लग्नात, देवळात, सभेत आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मामाला कोण सांगणार! माझ्या मते लायसन्सच काढून घ्यावं, दंड भरणारे भरतात.

आवाजच पाहिजे ना? हलगी घ्या, ढोल-ताशा घ्या, थाळ्या बडवा, शंख फुंका, इथेही थर्टी फर्स्टला लोक भांडी वाजवतात आणि पिपाण्या फुंकतात, वरून काही पडत नाही. ब्लँक, म्हणजे गोळी नसलेली नुसत्या दारूची काडतुसं मात्र सुचवू नका, जवळून त्यातला गरम गॅसही माणूस मारू शकतो. आणि ती प्लास्टिक पाइपची कार्बाइड गन तर नकोच, कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन हा भडकणारा गॅस होतो, पेटला नाही म्हणून पोरं आत डोकावतात आणि तेवढ्यात भडका, २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी पोरांचे डोळे भाजले.

ढोलवाल्यांनी कानात बोळे घालावेत. रात्री १० नंतर ढोलही बंद, त्यावरून ग्रुपवर दोघं आधीच रुसलेत.